प्याल्यांचं निमित्त

५ जुलै, शनिवार

आज प्याले धुतले नाहीत. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा!

महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन, म्हणून आदल्या दुपारी मी आणि पाळकीणबाई चर्चच्या मागच्या स्वयंपाकघरात. एकशेचाळीस काचेचे प्याले, अंगठ्याएवढे, घोटभर द्राक्षरसाचे. मी धुणार, ती पुसणार. एकेक प्याला खिडकीकडे धरून बघायचा, डाग दिसला तर परत माझ्याकडे. मग भोकाभोकांच्या ट्रेमध्ये बसवायचे. काम तासाभराचं, आम्ही दोन तास लावायचो. सगळ्या मंडळीसाठी त्या पाळकीणबाई. त्या सिंकपाशी ती माझी मैत्रीण. नवऱ्याच्या तक्रारी तिनं तिथेच केल्या — पाळकाच्या बायकोनं त्या दुसरीकडे कुठे करायच्या? आई गेली तेव्हा मी मोकळं रडले तेही तिथेच, कोपरापर्यंत साबणात.

आता सीलबंद कप आलेत. प्लॅस्टिकचे. वरचा पापुद्रा सोलला की भाकरीची चकती, खालचा सोलला की द्राक्षरस. प्यायचं आणि टाकून द्यायचं. सूचना कुणाची? मासोळीची. (हे नाव मी ठेवलंय, फक्त या वहीत. ती जलतरण तलावावर पोहायला शिकवते. वर्षापूर्वी मंडळीत आली आणि आता वागते अशी की इथेच जन्मली.) "आजाऱ्यांना घरी नेऊन देता येतील, आणि बायकांची शनिवारची दुपार मोकळी होईल," म्हणे. कमिटीनं एकमतानं मान्य केलं. मोकळी दुपार मागितली कुणी होती? मला कुणी विचारलं?

आणि त्या मोकळ्या दुपारचं पाळकीणबाई काय करते? पोहायला शिकते! अठ्ठावन्नाव्या वर्षी! कुणाकडे, ते लिहायला नको.

६ जुलै, रविवार

ओले केस. पहिल्या बाकावर पाळकीणबाई, तिच्या शेजारी मासोळी, आणि दोघींचे केस ओले. म्हणजे आज सकाळीही जाऊन आल्या. उपासनेच्या आधी!

पहिलं गीत चालू असताना मासोळी तिच्या कानाशी काहीतरी बोलली आणि पाळकीणबाई हसली. ते हसणं मी ओळखते. खांदे हलतात, आवाज येत नाही. एवढी वर्षं मला वाटायचं, ते हसणं माझ्या एकटीच्या वाट्याचं आहे. पुढचं कडवं मी गायलंच नाही. नुसतं पुस्तक धरून उभी.

मग पाळकसाहेब नेहमीचं बोलले — कुणाविषयी मनात काही असेल तर आधी समेट करा आणि मग या मेजाशी या. दर महिन्याला सांगतात. ऐकतं कोण? आई ऐकायची. मनात गाठ असेल तर ट्रे तसाच पुढे द्यायचा, हा तिचा नियम. काही घ्यायचं नाही. आणि आठवडा सरायच्या आत त्या माणसाच्या दारात जाऊन उभं राहायचं. त्या काळी कितीतरी जण असं करायचे, कुणी वळून बघायचं नाही. आता सगळेच्या सगळे घेतात. जशी काही सगळ्यांची मनं आदल्या दिवशी धुऊन ठेवलीयत!

आमच्याकडे ट्रे मागच्या बाकापासून पुढे सरकत जातो. माझ्यापाशी आला. मी तो दोन्ही हातांत घेतला, त्या सीलबंद कपांकडे पाहिलं, आणि पुढे दिला.

शेजारची बेकरीवाली माझ्या तोंडाकडे बघतच राहिली. मग चर्चभर ते पापुद्रे सोलल्याचा कुर्रकुर्र आवाज. प्रार्थना चालली होती.

खोटं कशाला लिहू — घरी येताना जरा ताठ चालले मी.

७ जुलै, सोमवार

दवाखान्यात आज पाकिटांचा ढीग. माझं काम तेच. ऑपरेशनच्या कात्र्या आणि चिमटे धुवायचे, वाफेच्या मशीनमधून काढायचे, पाकिटात सीलबंद करून तारीख टाकायची. घरी आले तर ह्यांना रविवारचं कळलंच होतं. चहा पिता पिता म्हणाले, "आठवडाभर सील लावतेस आणि रविवारी सील दिसलं की रुसतेस होय?" मी म्हटलं, डोकं दुखत होतं. हे लिफ्टचे मेकॅनिक. अडकलेल्या माणसाला बाहेर काढायच्या आधी त्याच्याशी गप्पा मारत राहायची त्यांना सवय आहे. मला त्या सवयीचा राग येतो.

आईच्या नियमानं आता आठवड्याच्या आत समेट. पण कुणाशी? भांडण झालंय का कुणाशी? दारात जाऊन काय सांगू — तुम्ही दोघी हसलात, म्हणून? साठीला आलेली बाई मी. शाळेत बाकावरची मैत्रीण दुसरीकडे बसली म्हणून मुली रडतात, तसलं हे.

८ जुलै

मासोळीसाठी प्रार्थना करायला बसले. "प्रभो, मला तिच्याविषयी प्रेम दे." एवढं झालं. पुढे आपोआप तोंडात आलं — "आणि पाळकीणबाई मला परत दे." उठले आणि भांडी घासली.

१० जुलै, गुरुवार

पाळकसाहेब येऊन गेले. खुर्चीच्या अगदी टोकावर बसले, म्हणजे विषय नाजूक. म्हणाले, "बाई, रविवारी तुम्ही घेतलं नाहीत. माझ्या लक्षात आलं."

मी ठरवलं होतं, विचारलं तर सांगून टाकायचं. तोंड उघडलं. म्हटलं, "पाळकसाहेब, त्याचा त्या कपांशी काही संबंध नाही."

त्यांनी डोळे मिटले आणि मान हलवली. "समजतं मला. प्रश्न कपांचा नाहीच. कपांमागे जे आहे त्याचा आहे. एकत्र हातांनी तयार केलेलं, एकत्र वाटलेलं. आम्ही सोयीच्या मागे लागलो. तुम्ही एक शब्द न बोलता आमच्या डोळ्यांत अंजन घातलंत."

एवढं छान त्यांनी सांगितलं की मलाच क्षणभर वाटलं, असेल बुवा, हेच असेल माझ्या मनात. मग त्यांनी प्रार्थना केली, तीत माझ्या विवेकबुद्धीबद्दल देवाचे आभार मानले. मी आमेन म्हटलं. मोठ्यानं.

दारापर्यंत पोचवायला गेले तेव्हा विचारलं, पाळकीणबाई कशा आहेत? म्हणाले, "मजेत. आता पाण्यात तोंड घालायला भीत नाही." मला महिन्याभरात तिच्याशी धड दहा मिनिटं बोलता आलेलं नाही, आणि ही पाण्यात तोंड घालतेय.

१३ जुलै, रविवार

कमिटीचे सेक्रेटरी, आमचे निवृत्त मुख्याध्यापक, उपासनेनंतर मुद्दाम वाट अडवून उभे. माझा हात हातात घेऊन हलवत राहिले. "कुणीतरी बोलायला हवं होतं," म्हणाले. "मी त्या दिवशी मत दिलं, पण मनातून माझा विरोधच होता." एकमत झालं होतं ना? विचारलं नाही मी. बेकरीवालीनंही दंड दाबला आणि म्हणाली, "ती चकती कागदासारखी लागते."

कुणीही मला विचारत नाही, की तू का नाही घेतलंस. सगळे मला सांगतात, की मी का नाही घेतलं.

आणि मला ते आवडतंय. हे इथे लिहून ठेवते, कारण दुसरीकडे कुठे लिहिणार नाही.

३ ऑगस्ट, रविवार

चौघांनी ट्रे पुढे दिला. मी, बेकरीवाली, मुख्याध्यापक आणि त्यांची बायको. मुख्याध्यापकांनी तर ट्रे अंमळ उंच धरला, मागच्यांना नीट दिसावा म्हणून.

मासोळी कप वाटणाऱ्यांच्या ओळीत उभी होती. तिचं तोंड उतरलेलं. मी बघितलं, आणि आतून कुणीतरी गुदगुल्या केल्यासारखं झालं. प्रभुभोजनाच्या वेळी! आईनं हे पाहिलं असतं तर मला बाकावरून उठवून बाहेर नेलं असतं.

४ ऑगस्ट

पाळकीणबाईचा फोन आला नाही. मीही केला नाही.

९ ऑगस्ट, शनिवार

आज मी जे केलं ते लिहिताना लाज वाटते. तलावावर गेले होते.

ह्यांना सांगितलं, दोरे आणायला जाते. तिथे आत गेलं की मोठी काच आहे, तिच्याआड पालकांसाठी खुर्च्या. मुलांच्या आया बसल्या होत्या. मी त्यांच्यात जाऊन बसले. कुणाची आजी समजले असतील. औषधाचा उग्र वास, सगळीकडे ओल.

पाळकीणबाई पाण्यात उताणी होती. डोक्याला निळी रबरी टोपी, एरवी कधी ओळखलीच नसती. मासोळीचा हात तिच्या पाठीखाली. मासोळी काहीतरी बोलत होती, काचेतून ऐकू येत नव्हतं, आणि बोलता बोलता तिनं तो हात हळूच काढून घेतला. पाळकीणबाई तशीच राहिली. तरंगत! तिला कळलंसुद्धा नव्हतं. मग कळलं आणि ती एकदम हसली, तेच हसणं, आणि बुडाली, आणि मासोळीनं तिला खांद्याला धरून वर काढलं, आणि दोघी खोकत खोकत हसत राहिल्या.

सरळ लिहिते. मला वाटलं, तो हात माझा हवा होता. मला पोहता येत नाही, पाण्याची भीती वाटते, मी तिला काय धरणार! तरी वाटलं. एकोणीस वर्षांत मी तिला इतकी सुखी केलेली नाही. आम्ही दोघी सुखी होतो, पण आमचं सुख बरंचसं रडगाण्याचं होतं. तिनं तिची दुखणी सांगायची, मी माझी. आणि ही पोर तिला तरंगायला शिकवते. जळफळाट म्हणतात तो हाच असणार. छातीत खरोखर आग होते, पित्त झाल्यासारखी.

शेजारच्या बाईनं विचारलं, तुमचं कोण आहे? मी म्हटलं, कुणी नाही.

दोरे आणायचे राहिले. ह्यांनी विचारलंही नाही. म्हणजे कळलं असणार.

१७ ऑगस्ट, रविवार

मुख्याध्यापक आता याला "भूमिका" म्हणतात. "आपली भूमिका." त्यांनी एक कागद फिरवलाय, काचेचे प्याले परत यावेत म्हणून. वर माझं नाव, सहीची जागा मोकळी ठेवलेली. मी म्हटलं, चष्मा आणला नाही. चष्मा नाकावर होता. ते कौतुकानं हसले. "नाव पुढे यायला नको ना? हाच तुमचा मोठेपणा."

या मंडळीत खरं सांगणं इतकं अवघड कधीपासून झालं? की मलाच नकोय सांगायला? हे दुसरंच खरं असावं.

७ सप्टेंबर, रविवार

अकरा जण. मी मोजले.

पाळकसाहेबांचा उपदेश विवेकबुद्धीवर. नाव घेतलं नाही, पण "आपल्यातली एक शांत भगिनी" म्हणाले आणि निम्म्या माना माझ्याकडे वळल्या. पाळकीणबाईची वळली नाही. ती समोर बघत होती. मासोळी आज मागे, दाराजवळच्या बाकावर एकटी बसली होती. वाटप दुसऱ्या कुणी केलं.

बाहेर पायरीवर एक बाई दुसरीला सांगत होती, "नवीन लोक येतात, एका वर्षात सगळं उलटंपालटं करतात." मी जवळूनच गेले. थांबायला हवं होतं. तिथेच, त्या पायरीवर, एक वाक्य पुरलं असतं.

पायाला चालायची सवय असते, तोंडाला खरं बोलायची नसते.

१० सप्टेंबर, बुधवार

जेवताना हे म्हणाले, "तू कपांसाठी भांडणारी बाई नाहीस."

"मग कशासाठी भांडते?"

"ते तू सांगायचं. मी आपला दार उघडं धरून उभा आहे."

मी ताट उचलून आत गेले. हे बिचारे आमटीशिवाय भात खात बसले.

१७ सप्टेंबर, बुधवार

मासोळी आली होती. घरी. दुपारी चारला, मी दवाखान्यातून येऊन पाय धुत होते.

आधी फोन नाही, काही नाही. दारात उभी राहिली, आईच्या नियमातली माणसं उभी राहायची तशी. मी या म्हटलं. पाणी दिलं. तिनं पेला हातातच धरून ठेवला. नखं पांढरी पडलेली, सारखी पाण्यात असतात ना. जवळून बघितली तर काही मोठीशी सुंदर नाही. डोळ्यांखाली काळं. हे मी बघितलं आणि मला बरं वाटलं, तेही लिहिते.

"काकू, माझं काही चुकलं का?" म्हणाली. "खरं सांगा. मी पाळकीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, मला नको विचारूस, सरळ तिच्याकडेच जा. ती तुझ्याशी खोटं बोलणार नाही."

ती तुझ्याशी खोटं बोलणार नाही!

समोर बसली होती. घरात आम्ही दोघीच. एवढं सोपं करून देवानं कुणाला दिलं असेल? मी फक्त म्हणायचं होतं — पोरी, तू माझ्या मैत्रिणीशी हसतेस आणि मला ते सोसवत नाही. ती रडली असती किंवा हसली असती. दोन्ही चाललं असतं.

मी म्हटलं, "कपांचंच आहे ते. बाकी काही नाही."

तिनं एवढा मोठा श्वास सोडला. "मग सोपं आहे हो काकू. मी उद्याच कमिटीला सांगते, काचेचे परत आणा म्हणून. मला वाटलं होतं, धुवायचा तुम्हाला त्रास होत असेल. मला कुणी सांगितलंच नाही की ते तुम्हाला आवडतं." मग जरा पुढे सरकून म्हणाली, "मलाही शिकवाल? शनिवारी मी लवकर सुटेन. आपण तिघी मिळून धुऊ."

आणि मी म्हणाले, "सिंक लहान आहे. तिथे दोघींपुरतीच जागा आहे."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग पेला खाली ठेवला, न पिता. "हो का," म्हणाली. हळू. पोर मूर्ख नाही. चपला घालताना तिचा एक पट्टा लागेना, मी वाकून मदत केली नाही.

१८ सप्टेंबर

सिंकची लांबी किती आहे ते मला चांगलं माहीत आहे.

२८ सप्टेंबर, रविवार

सूचनांच्या वेळी सेक्रेटरींनी दोन कागद वाचले.

पहिला — कमिटीचा ठराव. पुढच्या प्रभुभोजनापासून काचेचे प्याले पूर्ववत. मागच्या बाकांवरून चक्क टाळ्या!

दुसरा — मासोळीचं पत्र. चार ओळी. आपल्यामुळे कुणाला अडखळण होऊ नये म्हणून सेवेच्या सगळ्या कामांतून मोकळी होते. नदीपलीकडच्या मंडळीत जाईन. इथे मिळालेल्या प्रेमाबद्दल आभार. टाळ्या नाहीत. कुणीतरी खोकलं. मुख्याध्यापकांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि पुढच्या गीताचा क्रमांक सांगितला.

पाळकीणबाई उठून बाजूच्या दारानं बाहेर गेली. गीत संपलं तरी आली नाही.

मी जिंकले. हा शब्द लिहून पाहिला, कसा दिसतो. वाईट दिसतो.

१ ऑक्टोबर, बुधवार

अर्धी रजा टाकली. सगळं सांगून यायचं असं ठरवून, रीतसर प्रार्थना करून निघाले. काय बोलायचं ते बसमध्ये पाठ केलं. तीनच वाक्यं. माझा मत्सर होता. कप निमित्त होतं. तू जाऊ नकोस.

तलावावरच्या खिडकीतल्या माणसानं सांगितलं, बाई कपडे बदलायच्या खोलीबाहेर बाकावर असतील, आत जा. कोपऱ्यावरून वळले. बाकावर मासोळी बसली होती, केस पंच्यात बांधलेले. शेजारी पाळकीणबाई. पाळकीणबाई तिचे खांदे चोळत होती, थंडी वाजलेल्या पोरीचे चोळतात तसे. दोघींच्या मधे एकच पिशवी, पाळकीणबाईची, ती निळी. आम्ही दोघींनी मिळून घेतलेली. माझ्याकडे तसलीच हिरवी आहे.

तीन वाक्यं तोंडात तयार होती. तिथे उभी राहून मी त्या पिशवीकडे बघत राहिले. मनात आलं, म्हणजे आता यांचे डबेही एका पिशवीत.

परत फिरले. दोघींनी मला पाहिलं नाही. निदान मला तसं वाटतं.

जायच्या वेळी देवाला सोबत नेलं होतं, येताना त्याच्याशी एक शब्द बोलले नाही. त्याला वाटलं असेल, ही बाई काही ऐकणाऱ्यातली नाही. नाहीच आहे.

२ ऑक्टोबर

ह्यांना सगळं सांगितलं. तलाव, सिंक, पिशवी, सगळं. ह्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "मला सांगून काय उपयोग? मी थोडाच चाललोय नदीपलीकडे."

मी म्हटलं, शनिवारी पाळकीणबाईला सांगेन.

"शनिवारी नक्की?"

नक्की.

४ ऑक्टोबर, शनिवार

दोन वाजता स्वयंपाकघराचं दार ढकललं आणि पाळकीणबाई आधीच तिथे! पदर खोचलेला, पंचा खांद्यावर. प्याले चार महिने कपाटात होते, धुळीनं माखलेले. मी पाणी गरम केलं. मी धुतले, तिनं पुसले. खिडकीकडे धरून बघितले. सगळं जसंच्या तसं. मला इतका आनंद झाला की दोन प्याले निसटता निसटता वाचले.

ती बोलली. पाळकसाहेबांचा गुडघा, गळकं छत, धाकटा मुलगा फोन करत नाही. मी माझं बोलले. ऐकताना मी मनात देवाचे आभार मानत होते, निर्लज्जासारखे. परत दे म्हटलं होतं, त्यानं परत दिली. मासोळीचं नावही निघालं नाही. मला वाटलं, झालं, संपलं ते. आज कशाला काढायचं? इतक्या महिन्यांनी आलेली दुपार. पुढच्या महिन्यात सांगू.

शेवटची ओळ राहिली होती. पाळकीणबाईनं हातातला प्याला खाली ठेवला, सिंककडे या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं आणि म्हणाली, "तिघींना जागा झाली असती इथे."

नळ चालू होता. मी तो बंद केला नाही.

मग तिनं विचारलं. माझ्याकडे न बघता, अगदी साध्या आवाजात. "तुला खरंच त्या कपांचंच वाईट वाटलं होतं का गं?"

विचारताना तिनं पुसायचं थांबवलं होतं. वाट बघत होती. घाई नव्हती तिला. एवढा वेळ मला आयुष्यात कुणी दिला नसेल.

"हो," मी म्हटलं. "त्यांचंच."

"बरं," ती म्हणाली, आणि उरलेले पुसायला घेतले. एकही परत माझ्याकडे आला नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

लख्ख प्याले. अकराच्या अकरा जणांनी घेतले, बेकरीवालीचे डोळे भरून आले. पाळकसाहेब म्हणाले, कुणाविषयी मनात काही असेल तर. मी शोधलं. मासोळी गेली होती, आता मनात कुणाविषयी काहीच नव्हतं. ट्रे आला. मी प्याला उचलला, प्यायले, ट्रे पुढे दिला.

तो बाकाबाकानं पहिल्या ओळीत पोचला. पाळकीणबाई तिथे एकटीच होती. तिनं ट्रे दोन्ही हातांत धरला, आदल्या दिवशी स्वतः पुसलेल्या प्याल्यांकडे पाहिलं, आणि एकही न उचलता पुढे दिला.

माझा प्याला तोवर रिकामा झाला होता.